तारण आणि तारीख

८ ऑक्टोबर १८७१, रविवार. शिकागोच्या फार्वेल हॉलमध्ये संध्याकाळची सभा भरली होती. बोलायला उभा होता ड्वाइट मूडी. वय चौतीस, अंगाने धिप्पाड, शिक्षण बेताचे. काही वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये मामाच्या दुकानात तो जोडे विकायचा, आणि गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही हे तिथेच शिकला होता. त्या दिवशी त्याने विषय घेतला होता पिलाताचा पेच: समोर आणून उभ्या केलेल्या या येशूचे करायचे काय? भाषणाच्या शेवटी मूडीने श्रोत्यांना आठवडाभराची मुदत दिली. प्रश्न घरी न्या, विचार करा, पुढच्या रविवारी पुन्हा जमू तेव्हा काय ते ठरवा. त्याचा जोडीदार आयरा सँकी शेवटचे गाणे म्हणत असतानाच बाहेर आगीच्या घंटा सुरू झाल्या.

डी कोव्हन स्ट्रीटवरच्या ओलिअरी कुटुंबाच्या गोठ्याकडून पेटलेली ती आग मंगळवारपर्यंत धुमसत राहिली. सतरा हजारांवर इमारती गेल्या, सुमारे तीनशे माणसे दगावली, लाखभर लोक उघड्यावर आले. फार्वेल हॉल जळाला, मूडीचे चर्च जळाले, त्याचे घरही जळाले. ‘पुढचा रविवार’ त्या श्रोत्यांसाठी उगवलाच नाही. मूडी पुढे अठ्ठावीस वर्षे जगला, अमेरिका आणि इंग्लंडमध्ये लाखोंच्या सभा गाजवल्या, पण ती एक सभा त्याला कायम सलत राहिली. लोकांना विचार करायला आठवडा देण्याची हिंमत आपल्याला पुन्हा कधी झाली नाही, असे तो उतारवयात सांगायचा.

प्रवचनकारांच्या पिशवीत या गोष्टीला मोठे मोल आहे. हुकलेली संधी, बंद होणारे दार, उद्याचा भरवसा नसलेला माणूस, सगळे त्यात आयते सापडते. पण ती शांतपणे वाचली की एक वेगळीच गोष्ट डोळ्यात भरते. त्या आगीत तीन लाख वस्तीच्या शहरातली सुमारे तीनशे माणसे मेली. म्हणजे त्या रात्रीच्या श्रोत्यांपैकी बहुतेकजण वाचलेच असणार. त्यांच्यासाठी संधी संपली नव्हती, नाहीसा झाला होता तो हॉल. मूडीची रुखरुख खरी होती, आणि ती होती त्याच्या स्वतःच्या चुकीची. श्रोत्यांपैकी अमुक एकाचे तारण हुकले, असे तो कुणाचे नाव घेऊन सांगू शकला नसता. ख्रिस्ती परंपरेत ‘संधी हुकली’ हे वाक्य नेमके कुणी, कुणाबद्दल आणि कधी उच्चारायचे, या प्रश्नाचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे आणि मूडीच्या गोष्टीपेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे.

*

मराठीने या बाबतीत एक मजेदार योगायोग साधून ठेवला आहे. मराठी ख्रिस्ती माणूस रविवारी चर्चमध्ये ‘तारण’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जिवाची सुटका असते. सोमवारी पतसंस्थेत तोच शब्द त्याच्या कानावर पडतो तेव्हा काउंटरवर बायकोच्या पाटल्या तोलल्या जात असतात. सोनेतारण कर्जाला तारीख असते. ती उलटली की नोटिशी येतात, आणि शेवटी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लिलावाची जाहिरात. दोन्ही तारणे ‘तरणे’ या एकाच मुळाची, एक जीव तारणारे, दुसरे सावकाराची रक्कम तारणारे. पण ज्यांनी बायबल लिहिले त्यांना ही दोन टोके मराठी वाचकाला वाटतात तितकी लांब वाटली नसती. नव्या करारात येशूच्या मरणाला लावलेला ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ हा गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजायच्या पैशाचा आहे. त्याच्या मागे उभी असलेली हिब्रू कल्पना आणखी घरगुती आहे. कर्जापायी जमीन गेली, माणूस स्वतः विकला गेला, तर ते सोडवून आणण्याची जबाबदारी जवळच्या नातेवाइकाची. लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय या हिशेबांनी भरलेला आहे. अशा नातेवाइकाला ‘गोएल’ म्हणत, म्हणजे सोडवणारा.

रूथच्या गोष्टीत असे दोन सोडवणारे भेटतात. विधवा नामीचे शेत सोडवण्याचा पहिला हक्क एका जवळच्या आप्ताचा, त्याच्यामागून बवाजाचा. बेथलेहेमच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांपुढे बवाज त्या आप्ताला विचारतो. शेत म्हटल्यावर तो चटकन होकार देतो. शेतासोबत मवाबाची परकी सून रूथ हिचीही जबाबदारी घ्यावी लागेल, हे कळताच माझ्या वतनाचे नुकसान होईल म्हणून अंग काढून घेतो, आणि रिवाजाप्रमाणे पायातली वहाण काढून देतो. बवाज रूथला पत्करतो; त्यांचा पणतू दावीद राजा, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच वंशावळीच्या शेवटी येशू.

त्या पहिल्या आप्ताचे नाव मात्र पुस्तकात नाही. हिब्रूत त्याला ‘पलोनी अल्मोनी’ म्हटले आहे, म्हणजे अमका-तमका, फलाणा. हा मराठी ‘फलाणा’ फार्सीच्या वाटेने अरबी ‘फुलान’वरून आला आहे, आणि ‘फुलान’ व ‘पलोनी’ ही सख्खी भावंडे. एवढ्या तपशिलाने लिहिलेल्या गोष्टीत, जिथे वेशीत बसलेल्या वडीलधाऱ्यांची संख्याही मोजली आहे, तिथे या एकाच माणसाचे नाव गाळले आहे. त्याला शिक्षा झाली नाही, शापही मिळाला नाही. तो आपले वतन सांभाळत घरी गेला असेल.

*

सुरुवातीच्या ख्रिस्ती शतकांत तारणाची तारीख पुढे ढकलणे हा चक्क व्यवहार होता, आणि तो अडाण्यांचा नव्हता. बाप्तिस्म्याने, वसईकडचे कॅथलिक ज्याला स्नानसंस्कार म्हणतात त्याने, मागची सगळी पापे धुतली जातात अशी शिकवण. त्यानंतर घडलेल्या मोठ्या पापाला प्रायश्चित्त होते, पण ते चारचौघांत करायचे, वर्षानुवर्षे चालणारे आणि आयुष्यात एकदाच मिळणारे. मग शहाण्या माणसाने काय करावे? स्नान लांबवावे. तारुण्य जाऊ द्यावे, लढाया आणि राज्यकारभार उरकू द्यावा, आणि शेवटी कोऱ्या पाटीने पलीकडे जावे. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला राजमान्यता देणारा सम्राट कॉन्स्टंटाइन याने हेच केले. यार्देन नदीत, येशूने घेतला त्याच पाण्यात बाप्तिस्मा घ्यायचा त्याचा मनोदय होता. ३३७ साली ईस्टरनंतर आजार बळावला तेव्हा तो निकोमेडियाच्या आसपास होता. तिथेच त्याने बाप्तिस्मा घेतला, सम्राटाचा जांभळा झगा पुन्हा अंगावर चढवला नाही, पांढऱ्या वस्त्रांतच २२ मे रोजी प्राण सोडला. त्याचा हिशेब जमला.

प्रत्येकाचा जमेलच असे नव्हते, म्हणून धर्मगुरू चिडायचे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ३८१ साली नाझियान्झसच्या ग्रेगरीने बाप्तिस्म्यावर दिलेले प्रवचन आजही वाचण्यासारखे आहे, ते त्यात आलेल्या सबबींच्या यादीसाठी. कुणी म्हणतो प्रकटीकरणाचा सण येऊ दे. कुणी म्हणतो त्यापेक्षा ईस्टर बरा. कुणी पन्नासाव्या दिवसाच्या सणाची वाट पाहतो. कुणाला आई जवळ हवी, कुणाला सोयरेधायरे, कुणाला शोभेसे कपडे. ‘एवढी दिवाळी जाऊ द्या, मग बघू’ हे वाक्य घराघरांत ऐकलेल्या मराठी वाचकाला यातले काहीच परके वाटणार नाही. गंमत म्हणजे ग्रेगरी स्वतः बिशपचा मुलगा असूनही तरुणपणी बाप्तिस्म्याविना हिंडला होता. अलेक्झांड्रियाहून अथेन्सला जाताना सायप्रसजवळ जहाज वादळात सापडले, तेव्हा बुडण्यापेक्षा न धुतलेल्या पापांच्या भीतीने तो आक्रोश करत होता. त्याच्या प्रवचनातला राग अनुभवाचा होता.

ऑगस्टीनची कथा याच काळातली. लहानपणी पोटाच्या दुखण्याने तो मरणाला टेकला, आईने बाप्तिस्म्याची तयारी केली. पोरगे बरे झाले आणि तयारी आवरून ठेवली गेली. पुढे कार्थेज, रोम, मिलान, वक्तृत्वाची प्राध्यापकी, लग्नाविना संसार, एक मुलगा. मला संयम दे, पण एवढ्यात नको, अशा अर्थाची आपली तरुणपणची प्रार्थना त्याने पुढे स्वतःच जगजाहीर केली. ३८६ च्या उन्हाळ्यात मिलानच्या एका बागेत हा ‘एवढ्यात नको’ संपला, आणि पुढच्या वर्षी ईस्टरला बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

‘एवढ्यात नको’ म्हणणाऱ्यांचा मूळपुरुष मात्र बायबलमध्येच आहे. यहुदियाचा रोमन सुभेदार फेलिक्स. कैसरियाच्या कैदेत असलेल्या पौलाला तो आणि त्याची बायको द्रुसिल्ला बोलावून घेतात. पौल नीती, इंद्रियनिग्रह आणि येणारा न्यायनिवाडा यांवर बोलू लागतो. द्रुसिल्ला आधीचा नवरा सोडून फेलिक्सकडे आलेली, तेव्हा विषय अंगाशी येणारा. फेलिक्स घाबरतो आणि म्हणतो, आता जा, सवड मिळाली की बोलावतो. ‘सवड’ म्हणून मराठीत येते तिथे ग्रीकमध्ये ‘कैरॉस’ आहे. घड्याळाचा वेळ तो ‘क्रोनॉस’. नेमकी घटका, मोक्याचा क्षण तो कैरॉस. शिल्पकार लिसिप्पसने या कैरॉसची मूर्ती घडवली होती: कपाळावर झुलती बट, मागून डोके तुळतुळीत. समोरून येताना बट धरली तर धरली, पुढे निघून गेला की हाताला काही लागत नाही. आणि हाच शब्द पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात वापरला आहे. तिथे त्याच्या मते कैरॉस म्हणजे हा, आताचा क्षण.

फेलिक्सच्या गोष्टीतला पुढचा तपशील प्रवचनांत सहसा येत नाही. त्याने पौलाला खरोखरच पुन्हा बोलावले. एकदा नव्हे, वरचेवर, दोन वर्षे. लाच मिळेल या आशेने तो बोलावत राहिला, असे प्रेषितांच्या कृत्यांचा लेखक सरळ सांगतो. म्हणजे त्याची संधी एका क्षणात निसटलेली नाही. ती दर भेटीला समोरच्या खुर्चीत येऊन बसत होती आणि याचे लक्ष थैलीकडे होते. शिवाय फेलिक्स जन्माचा मोकळा माणूस नव्हता. तो गुलामीतून मुक्त केला गेलेला होता. कुणीतरी सोडवणे म्हणजे काय, हे त्या दरबारात त्याच्याइतके जवळून कुणाला ठाऊक असणार?

*

स्वीकार हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग. त्यासाठी प्रवचनकार आणखी एक अमेरिकन गोष्ट सांगतात. जॉर्ज विल्सन नावाच्या दरोडेखोराला १८३० साली फाशी ठोठावली गेली. राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन यांनी माफी दिली, विल्सनने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नाकारलेली माफी ही माफीच नव्हे. आणि विल्सन फासावर गेला, माफीचा कागद टेबलावर तसाच राहिला. गोष्ट अशी संपली की उपदेशकाला पुढे काही सांगावे लागत नाही.

खरा खटला याहून ओबडधोबड आहे आणि जास्त बोलका. विल्सन आणि जेम्स पोर्टर या दोघांनी पेनसिल्व्हेनियात टपालगाडी लुटली होती. पोर्टरला २ जुलै १८३० रोजी फाशी झाली. विल्सनची फाशी जॅक्सन यांनी १४ जूनलाच माफ केली होती, पण इतर गुन्ह्यांखाली त्याला वीस वर्षांहून अधिक कैद व्हायचीच होती आणि ती पुरेशी आहे, असे कारण देऊन. सर्वोच्च न्यायालयापुढे १८३३ मध्ये प्रश्न आला तो एवढाच, की त्याने स्वतः पुढे न केलेल्या माफीची दखल न्यायालयाने आपणहून घ्यावी का. सरन्यायाधीश जॉन मार्शल म्हणाले, नाही. माफी ही दानपत्रासारखी आहे. ती हाती सोपवावी लागते, आणि घेणाऱ्याने घेतल्याशिवाय सोपवणे पुरे होत नाही. त्या निकालात विल्सनला फाशी देण्याचा हुकूम नाही.

कायद्याची गाडी मार्शल यांच्यापाशी थांबली नाही. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनचे एक संपादक जॉर्ज बर्डिक यांचा खटला आला. बातमीचा स्रोत सांगायला त्यांनी नकार दिला होता, कारण बोलल्यास आपल्यावरच आळ येईल असे त्यांचे म्हणणे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांना आधीच माफी देऊन ती अडचण काढून टाकली. बर्डिकनी माफी परत केली. न्यायालयाने त्यांची बाजू घेतली आणि जाता जाता एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: माफीला अपराधाचा वास असतो, आणि ती घेणे म्हणजे अपराध कबूल करणे. इथे न्यायमूर्ती नकळत धर्मशास्त्र्यांच्या पंक्तीला येऊन बसले. कृपा फुकट आहे हे ऐकून आनंदणारा माणूस ती घेताना अडखळतो तो नेमका याच उंबऱ्यावर, कारण फुकट घेणाऱ्याला आधी आपण कफल्लक आहोत हे मान्य करावे लागते. मार्कच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन परत गेला. सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्याची बेरीज त्याच्या खात्यावर होती, आणि येशूने नेमके ते खातेच बंद करायला सांगितले.

मग आला १९२७ चा पेरोविच खटला. व्हुको पेरोविचला अलास्कात खुनाबद्दल फाशी ठोठावली गेली होती. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी १९०९ मध्ये ती बदलून जन्मठेप केली. पुढे पेरोविचने युक्तिवाद केला की, ही सूट मी स्वीकारलीच नव्हती, तेव्हा ती रद्द समजा आणि मला सोडा. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हा मुद्दा उडवून लावला. माफी ही कुणा सत्ताधीशाची खासगी मेहेरबानी नव्हे, ती राज्यघटनेच्या रचनेचा भाग आहे. फाशी टाळायची की नाही हे लोकहित ठरवते, कैद्याची संमती नाही. भारतात केहर सिंग खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकाराचा विचार करताना होम्स यांच्याच या विवेचनाचा आधार घेतला.

मार्शल आणि होम्स यांच्यातले हे अंतर ख्रिस्ती पंथांमध्ये फार जुने आहे. एका टोकाला जॉन कॅल्व्हिन: देवाने निवडलेला निवडलेला, माणसाच्या होकाराने त्यात भर पडत नाही आणि नकाराने खोट येत नाही. तिथे ‘हुकलेली संधी’ या शब्दांना जागाच उरत नाही. दुसऱ्या टोकाला चार्ल्स फिनी, ज्याने १८३०-३१ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात महिनोन्महिने सभा घेऊन निर्णयाचे तंत्रच बसवले. सभागृहात पुढे एक बाकडे, ज्याचा जीव अस्वस्थ झाला असेल त्याने उठून त्यावर येऊन बसायचे. मूडी त्याच वाटेवरचा, आणि विसाव्या शतकात बिली ग्रॅहम. ग्रॅहम यांच्या १९५० पासूनच्या रेडिओ कार्यक्रमाच्या नावातच ‘निर्णयाचा तास’ होता. या टोकाला होकार म्हणजे सगळे काही, म्हणून घाईही सगळी इथलीच.

*

पण याच परंपरेतली माणसे एखाद्या मृतदेहाशेजारी उभी राहतात तेव्हा त्यांची भाषा बदलते.

सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन १५ मे ३९२ रोजी गॉलमधल्या व्हिएन शहरात फासाला लटकलेला सापडला. वय एकवीस. आत्महत्या की खून, यावर आजही वाद आहे. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. ये आणि मला बाप्तिस्मा दे, असा निरोप त्याने अँब्रोजला पाठवला होता, आणि बिशप निघालाही होता. बातमी त्याला वाटेत कळली. मिलानमध्ये अंत्यविधीच्या वेळी सम्राटाच्या दोन बहिणी, जुस्ता आणि ग्राता, याच एका गोष्टीसाठी रडत होत्या. अँब्रोज काय म्हणाला? त्याने मागितले होते, म्हणून त्याला मिळाले. हुतात्म्यांना त्यांचे रक्त धुते; याला याची इच्छा धुईल. बाप्तिस्मा लांबवू नका म्हणून श्रोत्यांच्या मागे लागणारा, ऑगस्टीनला कुंडापर्यंत आणणारा हाच माणूस होता.

यात ढोंग नाही. जिवंत माणसापुढे बोलताना प्रश्न ‘तुझा’ असतो, आणि तो वर्तमानकाळातला असतो. तिथे तारीख सांगावी लागते. मेलेल्याबद्दल बोलताना प्रश्न ‘त्याचा’ होतो, आणि तिथे तारीख उलटली म्हणण्याचा अधिकार आपला नाही, हे जाणत्या माणसांना ठाऊक असते. पतसंस्था लिलावाच्या जाहिरातीत कर्जदारांची नावे छापते. कॅथलिक चर्चने इतक्या शतकांत हजारो जणांना संत म्हणून घोषित केले, पण अमुक माणूस नरकात गेला असे औपचारिकपणे एकदाही जाहीर केले नाही. यहूदा इस्कर्योतबद्दलसुद्धा नाही. फ्रान्समध्ये व्हेझले इथल्या बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला गळफास घेतलेला यहूदा कोरला आहे, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस तो देह खांद्यावर टाकून चालला आहे, हरवलेले मेंढरू उचलून आणणाऱ्या मेंढपाळासारखा. कोरणाऱ्याच्या मनात नेमके काय होते यावर विद्वानांत मतभेद आहेत. पोप फ्रान्सिस यांना त्यात मेंढपाळ दिसत असे.

कडक बाजूही होती, हे सांगायला हवे. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्या बाळांबद्दल उतारवयातल्या ऑगस्टीनने जे लिहिले त्याने अनेक पिढ्यांतल्या आया तळमळल्या. मध्ययुगीन पंडितांनी त्या बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची जागा कल्पून थोडी सोय केली: यातना नाहीत, दर्शनही नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोहोचले नाही पण जे प्रामाणिकपणे विवेकाला धरून जगतात त्यांनाही तारण मिळू शकते, असे म्हटले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने तान्ह्या बाळांच्या बाबतीत आशा धरायला भक्कम कारणे आहेत असा निष्कर्ष काढला. दफनभूमीच्या कडेला जे कुजबुजत बोलले जात होते ते कागदावर यायला सोळाशे वर्षे लागली.

येशूच्या स्वतःच्या गोष्टींतही ही दोन्ही घड्याळे आहेत. दहा कुमारिकांच्या गोष्टीत दार बंद होते. द्राक्षमळ्याच्या गोष्टीत दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्या मजुरालाही पूर्ण रोजी मिळते. आणि उधळ्या मुलाच्या गोष्टीत तर शेवटच केलेला नाही. धाकटा परत आला, आत मेजवानी चालू आहे. थोरला अंगणात रुसून उभा आहे आणि बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो आहे. तो आत गेला का? लूक सांगत नाही.

*

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत जिवंत दस्तऐवज एका बाईने लिहिला आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळच्या मिशनऱ्यांच्या हिशेबाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची संधीही तेव्हाच समोर आली होती. त्यांनी ती घेतली नाही. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला होता, पदरी लहानगा दत्तू, आणि आश्रय नातलगांचा, काही काळ थेट पंढरपुरात. पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की त्यांच्याशी धर्मावर वाद घालून कुणी जिंकले नाही. एक दिवस त्यांचा स्वतःशीच विचार सुरू झाला की ही जातपात देवाने केली की माणसाने, आणि त्या विचाराच्या शेवटी त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. सोवळे आधी गेले, बाप्तिस्मा १९०० मध्ये, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी आला. मूडीने त्यांना आठवड्याचीही मुदत दिली नसती.

पंडिता रमाबाईंचे उलट झाले. त्यांचा बाप्तिस्मा लवकर झाला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे, लेक मनोरमेसह. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या स्पष्ट म्हणतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. इतक्या वर्षांत त्या काही रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकाभर व्याख्याने झाली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे केडगावला उभारलेल्या आश्रमाला त्यांनी ‘मुक्ती’ नाव दिले आणि दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना तिथे आणले. त्यांच्यासाठी सुटका हा शब्द आधी भाकरीचा आणि छपराचा होता. चर्चच्या नोंदवहीतली तारीख आणि आतली तारीख एकच असते असे नाही, याचा पुरावा रमाबाईंनी स्वतःच्या सहीने दिला आहे.

टिळकांना हे बहुधा पटलेच असावे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात ख्रिस्ताच्या शिष्यांना जागा होती, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही. मिशनमधल्या अनेकांना हा प्रकार रुचला नाही. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवटच राहिले होते; ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी.

टिळकांची स्वतःची वाट सुरू झाली होती आगगाडीच्या डब्यात. नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांचे संस्कृत काव्यावर बोलणे निघाले, मग धर्मावर. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पद वाटले, पण पुस्तक वाचायचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. त्या सहप्रवाशाने मूडीसारखी घाई केली नाही. पुढचा रविवारही मागितला नाही, पुरी दोन वर्षे दिली, आणि आपल्या स्टेशनावर उतरून गेला. टिळकांच्या आठवणीत तो बिननावाचाच राहिला. रूथच्या वेशीतला तो आप्त जसा फलाणा, तसाच हाही एक फलाणा.